संस्थेचं नाव कोणाच्या तोंडी?

रत्नागिरीतलं पतितपावन मंदिर १९३१ साली उघडलं. ते भागोजीशेठ कीर यांनी बांधलं. कल्पना सावरकरांची, जे तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते. गावोगावच्या देवळांत अस्पृश्यांना पायरीशीच थांबवलं जात होतं त्या काळात सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुलं असलेलं देऊळ उभं राहिलं, ही मोठी गोष्ट होती. तिच्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मला बोलायचं आहे ते फक्त नावाबद्दल.

‘पतितपावन’ हे देवाचं जुनं विशेषण. भक्तीच्या परंपरेत ते येतं तेव्हा पतित कोण असतो? बोलणारा स्वतः. मी पडलेला, तू उचलणारा, असं भक्त स्वतःबद्दल म्हणतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, कारण तो शब्द त्यानं स्वतः निवडलेला असतो. तोच शब्द दारावरच्या पाटीवर गेला की वाक्याचा कर्ता बदलतो. आता पतित म्हणजे आत येणारा, आणि त्याला पतित म्हणणारा दुसराच कुणीतरी. ज्याच्यासाठी दार उघडलं त्याला दारातच एक विशेषण चिकटतं. देवळाचं काम पुढचं होतं, नाव मात्र मागं राहिलं, असं माझं मत आहे.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. समाजकार्य करणाऱ्या संस्थेचं नाव चांगलं की वाईट, हे ठरवताना आपण बहुतेक वेळा अर्थ बघतो, नाद बघतो, नाव आधी कुणी घेतलेलं नाही ना हे बघतो. माझी कसोटी वेगळी आहे. ती संस्था ज्याच्यासाठी काढली, त्याला एसटीत शेजारच्यानं ‘कुठं निघालास?’ असं विचारलं, तर त्याला हे नाव मान वर ठेवून सांगता येईल का?

*

ही कसोटी घेऊन मराठी संस्थांची जुनी नावं वाचायला लागलं की त्यांत सबंध एक वादविवाद दिसतो. तीन शब्द शेजारी ठेवून बघा: पतित, निराश्रित, बहिष्कृत.

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केलं. मराठीत ती ‘निराश्रित साहाय्यकारी मंडळी’ झाली. डॉ. आंबेडकरांनी १९२४ साली ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ काढली. त्यांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. वरवर पाहता हे तिन्ही शब्द एकाच जातीचे: समोरच्याकडे काय नाही ते सांगणारे. पण व्याकरण नीट बघा. पतित म्हणजे पडलेला. कुणी पाडलं हे त्यात येत नाही, तो आपला आपण पडला असंच वाटतं. निराश्रित म्हणजे ज्याला आसरा नाही. आसरा का नाही, हा प्रश्न तिथंही उठत नाही, एखाद्या नैसर्गिक आपत्तीसारखं ते वाटतं. बहिष्कृत म्हणजे मात्र ज्याला बाहेर काढलं तो. बाहेर काढलं म्हटलं की काढणारा आलाच. शब्द उच्चारताक्षणी ‘कुणी?’ असा प्रश्न समोरच्याच्या अंगावर जातो. म्हणून हे नाव माझ्या कसोटीवर नुसतं उतरत नाही, ते कसोटीच्या पुढं जातं. त्यात उणीव नाही, आरोप आहे. आणि आरोप करणाऱ्याची मान खाली नसते.

आंबेडकर या शब्दावरही थांबले नाहीत. १९४५ साली शिक्षणसंस्था काढताना त्यांनी ‘पीपल्स’ एवढंच म्हटलं. मुंबईच्या कॉलेजला सिद्धार्थाचं नाव दिलं, औरंगाबादच्या कॉलेजला मिलिंदाचं. मिलिंद हा नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणारा राजा. जिथं अनेक घरांतली पहिलीच पिढी कॉलेजात येणार होती, तिथं नाव ठेवलं ते प्रश्न विचारणाऱ्याचं. जखमेच्या नावापासून जिज्ञासेच्या नावापर्यंतचा हा प्रवास संस्था काढणाऱ्या प्रत्येकानं अभ्यासावा असा आहे.

*

दुसरा प्रवास धोंडो केशव कर्व्यांचा. तेही आमच्याच जिल्ह्यातले, जन्म शेरवलीचा, वाढले मुरूडला. त्यांनी आयुष्यभर संस्था काढल्या आणि प्रत्येक वेळी नावाशी झटापट केली.

१८९३ साली त्यांनी स्वतः गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि त्याच वर्षी ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ स्थापन झाली. दोनच वर्षांनी, १८९५ साली, तिचं नाव बदलून ‘विधवाविवाह प्रतिबंधनिवारक मंडळी’ केलं गेलं. कानाला हा बदल म्हणजे शिक्षाच आहे: नऊ अक्षरांची चौदा झाली. पण अर्थानं तो फार मोठा बदल आहे. उत्तेजन कुणाला द्यायचं? विधवेला. म्हणजे जिला हलवायचं ती विधवा. प्रतिबंध कुणाचा दूर करायचा? समाजाचा. म्हणजे हलायचं समाजानं, लग्न करायचं की नाही हे ती बाई ठरवील. एकाच संस्थेनं एकाच कामासाठी घेतलेली ही दोन नावं, पण दोष विधवेच्या घरातून उचलून शेजाऱ्यांच्या ओसरीवर नेऊन ठेवणारी. संस्थेच्या नामांतरात इतकी स्पष्ट वैचारिक हालचाल मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

१८९६ साली ‘अनाथ बालिकाश्रम’ निघाला. यात विधवा हा शब्दच नाही. इंग्रजीत मात्र तीच संस्था ‘हिंदू विडोज होम’ होती. एका दारावर दोन पाट्या. इंग्रजी वाचणाऱ्या देणगीदाराला काम नेमकं कळायला हवं होतं. मराठी वाचणाऱ्या शेजाऱ्यासमोर त्या मुलीला दिवसातून दहादा तो अशुभ मानला गेलेला शब्द ऐकावा लागू नये, हेही हवं होतं, असं मी त्यातून वाचतो. अनाथ हा शब्द आज आपल्याला बोचतो, पण त्या वेळच्या विधवेपेक्षा अनाथ मुलगी होणं समाजात सोपं होतं. आज सीएसआरचा निधी मिळवण्यासाठी इंग्रजी नाव एक आणि गावात मराठी नाव दुसरं असं करणाऱ्या संस्थांना आपण हसतो. ही युक्ती सव्वाशे वर्षं जुनी आहे, आणि दरवेळी ती लबाडीच असते असं नाही. इंग्रजी पाटीवर जे लिहिलं ते मराठी पाटीखाली राहणाऱ्या माणसासमोर मोठ्यानं वाचता येईल का, एवढंच बघायचं.

पुढची नावं ओळीनं वाचा. १९०७ महिला विद्यालय. १९१६ महिला विद्यापीठ. १९४४ समता संघ. विधवा, मग बालिका, मग महिला, आणि शेवटच्या नावात बाईही नाही, पुरुषही नाही, नुसती समता. नावातलं माणूस वाढत गेलं. मधे १९०८ सालचा ‘निष्काम कर्म मठ’ आहे, तो मात्र या ओळीत बसत नाही. त्या नावात काम करणाऱ्यांचा त्याग आहे, ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांचा पत्ता नाही. आज ‘सेवा’, ‘समर्पण’, ‘त्याग’ यांच्या जोडीनं निघणाऱ्या नावांचा हा पूर्वज म्हणावा लागेल. देणाऱ्याचं पुण्य पाटीवर लिहिलं की घेणारा आपोआप ऋणको होतो.

*

इथं दोन आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत.

पहिला आक्षेप जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या १८६३ सालच्या ‘बालहत्या प्रतिबंधक गृहा’चा. माझ्या कसोटीवर हे नाव साफ नापास व्हायला हवं. अडचणीत सापडलेली गरोदर विधवा ज्या दारातून आत जाणार, त्या दाराच्या नावातच तिच्या हातून होऊ शकणारा गुन्हा. पण तिथं गुपचूप येऊन बाळंत होता यावं, हाच त्या गृहाचा आधार होता. तिला ते नाव कुणाला सांगायचंच नव्हतं. नाव होतं ते बाहेरच्यांसाठी: ज्या समाजानं तिला तिथवर आणलं, त्याला आपल्या अब्रूची किंमत किती आहे हे ऐकवण्यासाठी. तेव्हा कसोटीत एवढी दुरुस्ती करू: नाव घेणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे आधी ठरवा.

दुसरा आक्षेप देणगीदाराच्या नावाचा. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले आणि कर्व्यांच्या विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलं. याला पैशापुढं झुकणं म्हणणारे भेटतात. पण कसोटी लावून बघा. ‘एसएनडीटीला शिकते’ असं पिढ्यान्‌पिढ्या मुलींनी ताठ मानेनं सांगितलं. नाथीबाईंचं नाव त्या मुलींबद्दल काहीच म्हणत नव्हतं, आणि हेच त्याचं बळ होतं. आशा, किरण, दीप, ज्योत, पहाट अशा प्रकाशाच्या नावांपेक्षा एखादं रुक्ष विशेषनाम बरं, कारण प्रकाश वाटायला निघालेली संस्था समोरचा अंधारात आहे हे गृहीत धरूनच निघते.

सगळ्यांत शिकवणारी उदाहरणं मला दुहेरी नावांची वाटतात. बाबा आमट्यांची संस्था कागदावर ‘महारोगी सेवा समिती’. महाराष्ट्र तिला ओळखतो आनंदवन म्हणून. कागदावरचं नाव १९४९ सालच्या समाजाला काम समजावून सांगतं. आनंदवन हा मात्र पत्ता आहे. कुष्ठरोग झालेल्या माणसाला घरी पत्र लिहिताना वर ‘मुक्काम आनंदवन’ लिहिता येतं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या संस्थेचं नाव इंग्रजी आद्याक्षरांचं, ‘सर्च’. पण दवाखाना बांधला तेव्हा नाव आदिवासींच्या इच्छेनं त्यांच्या देवीचं ठेवलं: माँ दंतेश्वरी दवाखाना. संशोधनाचं नाव संशोधकांपाशी राहिलं, दवाखान्याचं नाव रुग्णांनी ठेवलं.

आणि आमच्या जिल्ह्यात देवरुखचं मातृमंदिर. इंदिराबाई हळबे यांनी १९५४ साली दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून ते उभं केलं. ‘मातृ’ला ‘मंदिर’ जोडलेलं पाहून मला एरवी शंका आली असती. आईला देव्हाऱ्यात बसवणारे तिच्या औषधपाण्याचं बघतातच असं नाही. पण इथं मंदिरात खरोखर बाळंतपणाच्या खाटा होत्या, त्यामुळं शब्द रिकामा राहिला नाही. त्याहून सुंदर नाव तिथल्या निराधार मुलींच्या घराचं आहे: गोकुळ. कृष्ण गोकुळात वाढला तो जन्मदात्या आईकडे नव्हे, यशोदेकडे. जे सांगायचं ते सगळं त्या शब्दात आहे आणि अनाथ हा शब्द कुठंच नाही. शिवाय मुलीला शाळेत विचारलं तर ‘गोकुळात राहते’ म्हणता येतं.

*

नावाच्या शेपटाकडे आपण कमी लक्ष देतो. एकोणिसाव्या शतकात संस्था म्हणजे मंडळी, सभा, समाज. सगळे शब्द माणसं मोजणारे. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली तेव्हा सभासद व्हायला किमान ५० जणांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. ‘सार्वजनिक’ हा शब्द तिनं फुकट वापरला नाही. १९१९ साली भाऊरावांनी शिक्षणसंस्थेला ‘रयत’ म्हटलं तेव्हाही ती कुणाची हे आधी सांगितलं, कशाची हे नंतर. आज दहा नवी नावं ऐकली तर त्यांतली कितीतरी ‘फाउंडेशन’ नाहीतर ‘प्रतिष्ठान’ असतात. हे शब्द निधी मोजणारे आहेत. गंमत अशी, की सात मित्र पदरचे थोडे थोडे पैसे घालून जे काढतात ते वास्तविक मंडळी असते, तिजोरी नसते.

शब्द शिळेही होतात. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी उभी केलेली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही नावाजलेली संस्था. ते नाव ठेवलं तेव्हा हा शब्द सभ्य होता. मग अपंग शब्द आला आणि गेला, आता सरकारी कागदांत दिव्यांग आहे, उद्या तोही जाईल. पण त्याच संस्थेच्या सिंधुदुर्गातल्या प्रकल्पाचं नाव ‘स्वप्ननगरी’ आहे, आणि त्याला कुठल्याही शासननिर्णयाची भीती नाही. माणसांच्या वर्गावरून ठेवलेलं नाव त्या वर्गाच्या नावाबरोबर म्हातारं होतं. नाव बदलायचं तर ठराव, धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, पॅन, बँक, करसवलतीचे दाखले, सगळं पुन्हा.

माझ्या धंद्यातही हे रोज दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या तक्त्याला सुरुवातीला जे नाव पडतं ते पुढं स्क्रीनवर येतं, अहवालात येतं, शेवटी माणसांच्या बोलण्यात येतं. एका मदतवाटपाच्या प्रणालीवर मी काम केलं, तिच्या मुळाशी ‘लाभार्थी’ नावाचा तक्ता होता. सहा महिन्यांत कार्यकर्ते बैठकीत ‘आज चाळीस लाभार्थी आले’ असं बोलू लागले. माणसं किंवा बायका आल्या असं कुणी म्हणेना.

*

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आम्ही सात जण रत्नागिरीत एक संस्था नोंदवतो आहोत. १८६० च्या कायद्याखाली सोसायटी नोंदवायला सात जण लागतात, तेवढेच आहोत. हापूसच्या बागांत राखणीला आणि मिरकरवाडा बंदरात बोटींवर नेपाळहून आलेली माणसं काम करतात. त्यांची काही मुलं संध्याकाळी आमच्यातल्या एकाच्या जुन्या घराच्या पडवीत अभ्यासाला बसतात. दोन वर्षं वर्ग बिननावाचा चालला. आता खातं उघडायचं, तर नाव पाहिजे.

पहिल्या बैठकीत आलेली नावं: आधार, उमेद, किरण, आणि ‘स्थलांतरित बालक विकास प्रतिष्ठान’. शेवटच्या नावाला दोघांचा आग्रह होता, कारण देणगी मागताना काम लगेच कळतं. पण शाळेत ज्या मुलाला ‘गुरख्याचा’ म्हणून हाक मारतात, त्याच्या हातात आपण ‘स्थलांतरित’ असं छापलेली वही देणार? तो इथंच जन्मला असेल तर स्थलांतर कुणाचं?

मग एका बागायतदारांनी खोली बांधून द्यायची तयारी दाखवली, वडिलांचं नाव देण्याच्या अटीवर. नाथीबाईंच्या न्यायानं हे चालायला हवं होतं. मी विरोध केला. ठाकरसी त्या विद्यार्थिनींच्या आईबापांचे मालक नव्हते. इथं मुलाचा बाप ज्यांच्या बागेत राबतो त्यांच्याच घराण्याचं नाव मुलाच्या वर्गाला लागणार. उद्या पगारावरून वाद झाला तर बाप भांडेल, की मुलाचा वर्ग आठवून गप्प बसेल? नावानं लाज वाटू नये, तसं नावानं तोंडही बंद होऊ नये. खोली अजून बांधलेली नाही.

मुलं स्वतः ‘पडवीत जातो’ असं म्हणतात. ‘पडवी’ हे नाव मला लगेच पटलं. सहकाऱ्यांपैकी एकीला पटलं नाही. ती म्हणाली, “कोकणातल्या घरात कोण अंगणात थांबायचं, कोण पडवीपर्यंत यायचं आणि कोण माजघरात जायचं, हे जातीनं ठरलेलं होतं. माझ्या आजोबांना पडवीच्या पुढं कुणी नेलं नाही.” या मुद्द्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मुलं तो शब्द स्वतःहून वापरतात हे खरं. ती वापरतात तेव्हा त्यात हा इतिहास नसतो हेही खरं. पण आम्ही तो पाटीवर लिहू तेव्हा आम्हाला तो माहीत असेल.

शेवटी पालकांना विचारलं. दोघंतिघं नुसतेच हसले. एक आई म्हणाली, “दादा, नाव कायपण ठेवा. पण उद्या आम्ही दुसरीकडे गेलो, तर कागदावर शाळेसारखं काहीतरी दिसायला पाहिजे.” ज्या नावावर आम्ही तीन बैठका घातल्या, त्याचा तिला हवा असलेला उपयोग एवढाच होता: दुसऱ्या गावच्या मुख्याध्यापकाच्या टेबलावर तो कागद टिकला पाहिजे.

तिच्या म्हणण्यामुळं ‘शिक्षण’ हा शब्द नावात पक्का झाला, आणि ‘प्रतिष्ठान’ जाऊन ‘मंडळ’ आलं. पडवीवर मतदान झालं: चार विरुद्ध तीन. अर्जासोबत द्यायच्या पर्यायांत ते पहिलं आहे. दुसऱ्या क्रमांकावर विरोध करणाऱ्या मैत्रिणीनं सुचवलेलं ‘माजघर’ आहे. पहिलं नाव आधीच कुणी घेतलेलं निघालं, तर मला वाईट वाटेल असं नाही.